दोनशे सहा सह्या

सेवेत असताना खुनाचे तपास केले, दरोड्यांचे केले. त्यांच्या तारखा आज कोणी विचारल्या तर मला जुनी कागदपत्रे काढावी लागतील. एक दिवस मात्र सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत मी कागद न उघडता सांगू शकतो. त्या दिवशी कोणाचा जीव गेला नाही, कोणाला अटक झाली नाही, आणि जे घडले ते कोणत्या कलमात बसवायचे हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यात, आमगावच्या पुढे रेल्वेमार्गालगतच्या एका मोठ्या गावात ठाणेदार होतो. गावाचे नाव देत नाही, माणसांचीही देणार नाही. ठाणे, ग्रामपंचायत आणि देशी दारूचे परवानाप्राप्त दुकान ही तिन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर होती. गावात नवा आलेला माणूस पत्ता विचारी तेव्हा त्याला दुकानाची खूण सांगत, ठाण्याची नाही.

ठाणेदाराचे निम्मे आयुष्य परवानग्यांत जाते, हे वाचकांना सहसा ठाऊक नसते. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेचे, दिवस आले की रात्रभराच्या नाटकाला परवानगी, दंडारीच्या नाचाला परवानगी, लाउडस्पीकरला परवानगी, आकाशपाळण्याला परवानगी. कोणी खानावळ काढणार असेल, बार काढणार असेल तर पोलिसांचा अभिप्राय मागवतात. दारूचा परवाना देणे किंवा काढून घेणे आमच्या हातात नसते. ते काम राज्य उत्पादन शुल्क विभागाचे आणि जिल्हाधिकाऱ्यांचे. शाळा आणि देऊळ किती दूर, दुकान किती वाजता उघडते, भांडणे किती होतात, एवढे आम्ही लिहून द्यायचे. ‘ना हरकत’ लिहिताना आपण कोणाच्या वतीने हरकत नाही म्हणतो आहोत, हा प्रश्न मला कधी कधी पडे. मग मी शिक्का मारत असे.

त्या गावातल्या बायकांना मात्र हरकत होती, आणि कायद्यात त्यासाठी एक वाट आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी चौथा हिस्सा बायकांनी दुकान बंद करा म्हणून सह्यांनिशी अर्ज द्यायचा. मग उत्पादन शुल्काचा अधिकारी गावात येतो, प्रत्येकीला समोर बसवून ‘ही सही तुमचीच का’ विचारतो. त्याला पडताळणी म्हणतात. चौथा हिस्सा खरा ठरला तर मतदान होते. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. पडताळणीतच आकडा कमी पडला तर अर्ज निकाली, सगळे पहिल्यापासून.

गावात महिला मतदार आठशे चोवीस. म्हणजे दोनशे सहा बायका समोर येऊन बसायला हव्या होत्या.

अर्ज फिरवला होता एका बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी. चाळिशीच्या, बौद्ध वस्तीतल्या, धानाच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या. दारोदार जाऊन त्यांनी अडीचशेवर सह्या जमवल्या. पडताळणीची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. एकदा अधिकारी रजेवर, एकदा मतदार यादी जुनी. दुसऱ्यांदा तारीख गेली तेव्हा त्या ठाण्यात येऊन म्हणाल्या होत्या, “साहेब, आता पुन्हा गेली ना, तर ह्या बाया दुसऱ्यान सही देत नाई. घरी नवऱ्याच्या शिव्या खाऊन सह्या केल्या त्यायनं. मीच फिरवल्या सह्या, मलेच तोंड दाखवा लागंल.”

तिसरी तारीख मात्र कायम राहिली. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, ठिकाण ग्रामपंचायत. मला बंदोबस्ताचे पत्र आले.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी एक म्हातारा ठाण्यात आला. मी बंदोबस्ताला निघण्याच्या गडबडीत होतो. त्याच्या हातात चष्म्याच्या डबीएवढी निळी डबी होती.

“ठाणेदार साहेब, माही बुढी गेली जी प्रतापगडले. बसनं. हे सुई घरीच राहिली.”

“कसली सुई?”

“साखरेची. रोज दोनदा लागते तिले. फोन लावून राहिलो त लागतच नाई. सुनेचा बी नाई लागत, ते संगंच आहे.”

“कोणाबरोबर गेल्या?”

“मोहल्ल्यातल्या साऱ्याच गेल्या जी. फुकट बस होती.”

प्रतापगड म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले महादेवाचे ठिकाण. मी म्हणालो, “बाबा, देवदर्शनाला गेल्यात ना? संध्याकाळी येतील. बसा थोडा वेळ.” म्हातारा बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. ठाणे अंमलदाराला मी काही लिहायला सांगितले नाही. फुकट बस या दोन शब्दांवर पोलिसाचे कान उभे राहायला हवे होते. माझे राहिले नाहीत.

ग्रामपंचायतीत टेबल मांडले होते, उत्पादन शुल्काचे दुय्यम निरीक्षक सह्यांचे कागद घेऊन बसले होते. एका बाजूला परवानेदाराचे वकील, आणि परवानेदाराचा व्यवस्थापक. परवानेदार गोंदियात राहत असे. गावाने त्याला क्वचितच पाहिले होते. दुकान चालवायचा तो हा व्यवस्थापक, पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेने. ठाण्याशी त्याचे संबंध उत्तम होते, कारण त्याच्या कागदात कधी चूक निघत नसे. दुकानात वर्षाची सत्यनारायणाची पूजा घातली तरी तो लाउडस्पीकरचा अर्ज आठ दिवस आधी, दोन प्रतींत देई. नियमांचा एवढा आदर मी मंदिराच्या विश्वस्तांतही पाहिलेला नाही.

सुरुवातीलाच बौद्ध वस्तीतल्या बायका रांगेने आल्या. मागोमाग गोंड वस्तीतल्या काही, बाजारगल्लीतल्या काही. मग रांग थांबली. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. दुय्यम निरीक्षक पेनाचे टोपण लावत होते, काढत होते. व्यवस्थापक वर्तमानपत्र वाचत होता.

अध्यक्षबाई माझ्याजवळ आल्या. चेहरा उतरलेला होता, आवाज मात्र खाली ठेवलेला.

“साहेब, देवीच्या मोहल्ल्यातली एक बी बाई येऊन नाई राहिली. मी जाऊन आली. घरोघरी कुलूप, नाई तर बुढे बसले आहेत. म्हणतात, तारीख त पुढं गेली ना.”

“कोणी सांगितलं?”

“दुकानाच्या पोऱ्यानं म्हणे. काल सांजच्यानं घरोघरी सांगून गेला. तारीख उद्यावर गेली, तवा आज चला देवाले, मालकाची मन्नत आहे, बस फुकट आहे, सीटा कमी आहेत, कोणाले सांगू नोका.”

यात त्या बायकांना वेडे ठरवण्याचे कारण नाही. सरकारी तारीख पुढे गेली असे कोणी सांगितले तर आमच्याकडे माणूस खात्री करत नाही. तारीख कायम आहे असे सांगितले तर करतो.

“तुमच्या वस्तीत बस आली नाही?”

“आलता ना थो पोऱ्या बोलावणं घेऊन. दीक्षाभूमीले नेतो म्हणे. मी म्हटलं, तिथं आमी आपल्या भाड्यानं जातो, दारूवाल्याच्या गाडीनं नाई. आमाले तारखेचं काई बोलला नाई थो. त्या मोहल्ल्यात बी बस लावली, हे मले आता समजून राहिलं.”

तेव्हा मला बाकावरचा म्हातारा आठवला. मी ठाण्यात परत गेलो. तो तिथेच बसलेला होता, डबी मांडीवर. दोन तास. मी त्याला आत बोलावले, त्याची बायको आणि सून बेपत्ता असल्याची नोंद स्टेशन डायरीत करायला लावली आणि वेळ घातली, अकरा वाजून दहा मिनिटे.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. सह्यांच्या भांडणात पोलीस तटस्थ असतो. बायका पडताळणीला आल्या नाहीत म्हणून त्यांना शोधायला मी एक शिपाईही पाठवू शकत नव्हतो. वकिलांनी तिथेच लेखी हरकत घेतली असती आणि ती बरोबर ठरली असती. पण इन्सुलिनवाचून एक आजारी बाई कुठल्याशा बसमध्ये आहे आणि तिचा फोन लागत नाही, हे पोलिसांचेच काम होते. सकाळी नऊलाही ते पोलिसांचेच काम होते.

प्रतापगडच्या बाजूला फोन केला. तिकडच्या हवालदाराने स्वतः वाहनतळावर जाऊन पाहिले. आमच्याकडची एकही बस नव्हती. रस्त्यातल्या दोन ठाण्यांना विचारले. कोणी पाहिली नव्हती. सकाळी सहाला निघालेली बस, आत त्रेचाळीस बायका, आणि पाच तासांत ती कोणालाही दिसलेली नाही. जंगलातल्या वळणांच्या रस्त्यांवर मी अपघात पाहिले आहेत. त्या अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांपुढे काय काय आले ते लिहीत नाही. म्हातारा विचारत होता, “भेटली का जी?” आणि मी प्रत्येक वेळी “बघतो आहे” म्हणत होतो.

व्यवस्थापकाला ठाण्यात बोलावले. तो वर्तमानपत्राची घडी घालून आला.

“बस कुठे आहे?”

“साहब, धरम का काम है. मालकांची मन्नत होती, बायकांना दर्शन घडवायचं. प्रतापगड.”

“प्रतापगडला बस नाही.”

“मग रस्त्यात असेल. चाय-नाश्ता, बायकांचं काम, टाइम लगता है.”

“तारीख पुढे गेली असं तुमच्या पोऱ्यानं सांगितलं.”

“पोरगं आहे साहेब, त्याला काय समजतं तारीख? मी त्याला दर्शनाचं बोललो होतो. लिखा-पढ़ी में कुछ है क्या?”

नव्हते. मी पाऊण तास त्याला तेच तेच फिरवून विचारले. आवाज चढवला, मग उतरवला. चालकाचा नंबर त्याने लगेच दिला. तोही लागत नव्हता. म्हाताऱ्याला समोर आणून उभे केले. व्यवस्थापकाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिले, “माताजी ठीक होंगी” म्हणाला. गावठी दारू गाळणारा माणूस चौकशीत घाम गाळतो, खोटे बोलतो, मग पाया पडतो. त्याच्याशी कसे बोलायचे ते मला येत होते. हा माणूस घड्याळाकडे पाहतही नव्हता. पण त्याच्या मागच्या भिंतीवरचे घड्याळ मला दिसत होते, सव्वाबारा.

त्याच्याविषयी मला नक्की काय माहीत आहे ते मी आठवू लागलो. माहीत होते एवढेच की, हा माणूस कागदाशिवाय पाऊल टाकत नाही. चोरटा धंदा करणारा मागे कागद ठेवत नाही म्हणून सापडत नाही. परवाना घेऊन धंदा करणारा सगळ्याच गोष्टींचा परवाना काढतो. त्याने त्रेचाळीस बायका कुठेही नेल्या असतील, रस्त्यात कोणी अडवणार नाही अशा कागदांनिशी नेल्या असतील.

बसचा मालक आमगावचा होता. त्याला मी फोन लावला आणि बायकांचा विषयच काढला नाही.

“तुमची बस विनापरमिट चालते अशी तक्रार आहे.”

तो भडकलाच. “कौन बोला साहब? परमिट एकदम क्लिअर है. छत्तीसगढ का टेम्पररी परमिट कटवाया है, टॅक्स भरा है, कल ही. पावती व्हॉट्सॲप करू का?”

“करा,” मी म्हणालो.

पावती आली. तिच्यावर जाण्याचे ठिकाण लिहिलेले होते. बस डोंगरगडला होती. प्रतापगडच्या अगदी उलट दिशेला, दरेकशाचे जंगल ओलांडून दुसऱ्या राज्यात, हजारभर पायऱ्यांच्या डोंगरावरच्या देवीला. मोबाइल व्यवस्थापकापुढे धरला. त्याने चष्मा लावून पावती नीट वाचली. “परमिट तो बराबर है साहब,” एवढेच म्हणाला.

डोंगरगडच्या ठाण्यातला अधिकारी चांगला माणूस निघाला. मी त्याला फक्त आजारी बाईचे सांगितले. त्याने वाहनतळावर बस शोधून काढली, देवळाच्या भोंग्यावरून पुकारा करवला. म्हातारी सापडली ती खाली, पायऱ्यांच्या तोंडाशी, प्रसादाच्या दुकानातल्या बाकावर आडवी. दोनदा उलटी झालेली, तोंड कोरडे पडलेले, शेजारी सून पदराने वारा घालत होती. मोहल्ल्यातल्या बायका पुकारा ऐकून खाली उतरून भोवती जमल्या होत्या. पावणेदोन वाजता तिथल्या शिपायाचा फोन आला, “माताजी बात करना चाहती हैं.”

मी फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला. तो ठाण्यात दोन-अडीच तास सगळे ऐकत बसला होता, हे मला ठाऊक होते.

“अवो, कशी आहेस? सुई घेऊन येतो मी, गाडी आहे आता… हव… दवाखान्यात जा त्यायच्यासंगं… आईक, थे तारीख पुढं नाई गेली वो. आजच आहे. पाचपर्यंत. इथं साहेब बसले आहेत, अध्यक्षबाई रडकुंडीले आली.”

पलीकडून म्हातारीचा आवाज बारीक पण स्वच्छ ऐकू आला. ती आमच्याशी बोलतच नव्हती.

“तुमी जा वो साऱ्या. माह्याजवळ सून आहे. आईकलं का? कायले उभ्या राहिल्या?”

फोन माझा होता, बोलणे त्याचे. हा फरक मी पुढे चौकशीतही सांगितला. तो कितपत खरा आहे हे वाचकांनी ठरवावे.

बसचा चालक जागेवर नव्हता. संध्याकाळपर्यंत गाडी हलवायची नाही असे त्याला सांगून ठेवलेले असावे. बायका चालत रेल्वे स्टेशनवर गेल्या. तीनच्या सुमाराची पॅसेंजर उशिरा सुटली. इकडे म्हातारा डबी घेऊन माझ्या शिपायाच्या मोटरसायकलवर आमच्या स्टेशनवर गेला आणि उलट दिशेच्या गाडीत बसला. नवरा एका गाडीत पूर्वेला चालला होता आणि गावातल्या बायका दुसऱ्या गाडीतून पश्चिमेला येत होत्या.

ग्रामपंचायतीत साडेचारला आकडा होता एकशे एकाहत्तर. अध्यक्षबाई ओट्यावर बसल्या होत्या. वकील आपले कागद पिशवीत भरू लागले होते. पॅसेंजर सालेकशाजवळ सिग्नलला उभी आहे, असे कोणीतरी सांगितले. मी फाटकाजवळ उभा होतो आणि माझ्या तटस्थ चेहऱ्याची मला काळजी वाटत होती.

पाचला दहा मिनिटे कमी असताना रस्त्याच्या वळणावर बायका दिसल्या. स्टेशन दोन किलोमीटर. काहीजणी पळत होत्या, काहींनी चपला हातात घेतल्या होत्या, कपाळावर देवीचा शेंदूर. अध्यक्षबाई ओट्यावरून उठल्या, पण पुढे गेल्या नाहीत. एक बाई जवळून जाता जाता त्यांना म्हणाली, “काऊन अशी पाहून राहिली? परसाद आणला तुह्यासाठी.”

वकिलांनी हरकत घेतली की पाचनंतर एकही सही तपासता येणार नाही. दुय्यम निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो की, निर्णय तुमचा. मतदानाच्या बंदोबस्तात फाटकाच्या आत असलेल्यांना चिठ्ठी देतात एवढे मी पाहिलेले आहे. त्यांनी टोपण काढले. पाचला मी फाटक लावले. अर्जातल्या अडतीस बायका आत होत्या. दोघींनी अर्जावर सही केली होती आणि आता हात थरथरतो म्हणून अंगठा देऊ लागल्या. त्या दोन बाद झाल्या. बाकी छत्तीस लागल्या.

लागत होत्या दोनशे सहा. भरल्या दोनशे सात.

पुढे मतदान झाले, आडवी बाटली निवडून आली. दुकानाला सील ठोकताना व्यवस्थापकाने मालाची यादी दोन प्रतींत तयार ठेवली होती. वर्षभरात तो परवाना दुसऱ्या गावात गेला, माझ्या हद्दीबाहेर. अध्यक्षबाई त्या गावातही जाऊन आल्याचे कानावर आले.

परवानेदाराने माझ्याविरुद्ध तक्रार केली की ठाणेदाराने पक्षपात केला. वरिष्ठांनी चौकशी केली, स्टेशन डायरी मागवली. डायरीत होते: अकरा वाजून दहा मिनिटांनी इसम ठाण्यात आला, आजारी पत्नी व सून बेपत्ता असल्याचे सांगितले, त्याच मिनिटाला नोंद, त्याच मिनिटाला शोध. तक्रार फेटाळली गेली. पुढच्या समारंभात ‘तत्परता’ दाखवल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले, शाल मिळाली, आणि एका पाहुण्याने माझ्यावर वीस मिनिटे भाषण केले. त्याला माझे नाव दोनदा चुकले.

म्हातारी सहा दिवस दवाखान्यात होती. त्या हंगामात तिला धान कापायला जाता आले नाही, आणि नंतर एका पायाच्या तळव्याची संवेदना गेली ती परत आली नाही. मतदानाच्या दिवशी ती नातवाचा खांदा धरून आली. मी चौकशी केली.

“बरी आहे जी,” ती म्हणाली. “डाक्टर म्हणे, दोन घंटे आधी आणली असती त चालत घरी गेली असती.” मग सावकाश माझ्याकडे पाहिले. “माहा बुढा त नऊलेच आला होता म्हणे तुमच्याकडे.”

मी “हो” म्हणालो. ती शिक्का मारायला आत गेली.

या प्रकरणाने मला बायकांच्या चिकाटीविषयी शिकवले, कागदपक्क्या माणसाच्या चुकांविषयीही शिकवले, आणि हे दोन्ही मी नव्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात हौसेने सांगत आलो. तिसरी गोष्ट सांगत नव्हतो. म्हाताऱ्याचे दुःख नऊ वाजता जेवढे होते तेवढेच अकराला होते. मधल्या दोन तासांत ते माझ्या बंदोबस्ताच्या उपयोगाचे झाले, एवढाच बदल. तेव्हा मी त्याला आत बोलावले, आणि वेळ अशी घातली की बाकावरचे दोन तास कुठेच राहू नयेत.

ती डायरी आता अभिलेखात गेली असेल, बदलता येणार नाही. म्हणून इथे लिहितो. सदर इसम ठाण्यात नऊ वाजून पाच मिनिटांनी आला होता. मी हजर होतो.